तीन शाखांच्या मार्टचा कार्बन हिशेब: लाइटबिलापासून लक्ष्यापर्यंत

लातूर, नांदेड, जालना, परभणी आणि आता उदगीर-वसमतसारख्या गावांतही दोन-तीन शाखांची स्थानिक सुपरमार्केटं उभी राहिली आहेत. बहुतेक मोंढ्यातल्या किराणा दुकानातून वाढलेली आणि घरच्याच माणसांनी चालवलेली. अशा मालकाला ‘तुमचं कार्बन उत्सर्जन किती?’ असं विचारलं तर तो हसतो. एप्रिल-मेचं लाइटबिल किती आलं आणि चिलरमध्ये यंदा कितीदा गॅस भरला, हे विचारलं की हसणं थांबतं. प्रश्न एकच आहे, फक्त दुसऱ्या बाजूने विचारलेला.

हा लेख दोन ते दहा शाखा असलेल्या मार्टच्या मालकासाठी आणि त्याचे हिशेब बघणाऱ्या माणसासाठी आहे. मोजायचं कसं, आधी कुठे हात घालायचा आणि लक्ष्य कसं लिहायचं म्हणजे ते पुढे कुणालाही तपासता येईल, एवढ्यापुरताच.

मोठ्या साखळ्यांची लक्ष्यं कशी वाचायची

ब्रिटनच्या टेस्कोने स्वतःच्या कारभारासाठी 2035 आणि संपूर्ण पुरवठा साखळीसाठी 2050 हे नेट झिरोचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून हिशेब शून्यावर आणायचं, वर्ष धरलं आहे. अमेरिकेच्या वॉलमार्टने स्वतःच्या कारभारासाठी 2040 धरलं, आणि पुरवठादारांसाठी 2017 पासून वेगळा कार्यक्रम चालवला. फ्रान्सच्या कारफूरचंही स्वतःच्या दुकानांसाठीचं वर्ष 2040 आहे. यात बघायची गोष्ट एकच: ‘स्वतःचा कारभार’ आणि ‘पूर्ण साखळी’ ही दोन वेगळी खाती आहेत. दुकानाची वीज, गॅस, गाड्या हे पहिलं खातं. शेल्फवरचा माल पिकवताना, बनवताना, आणताना जे बाहेर पडलं ते दुसरं. सुपरमार्केटच्या धंद्यात एकूण उत्सर्जनाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग दुसऱ्या खात्यात असतो. तेव्हा कुणी ‘आम्ही अमुक साली शून्य होणार’ म्हणालं की कुठलं खातं, हे आधी बघायचं.

दुसरी गोष्ट. डिसेंबर 2024 मध्ये वॉलमार्टने स्वतःच जाहीर केलं की 2025 आणि 2030 ची मधली लक्ष्यं बहुधा हुकतील. हे त्यांना सांगता आलं, कारण आधारवर्ष, म्हणजे ज्याच्याशी पुढची सगळी तुलना करायची ते वर्ष, ठरलेलं होतं, दरवर्षीचे आकडे होते आणि मधले टप्पे लिहिलेले होते. नुसतंच ‘2050’ लिहिणाऱ्याचं लक्ष्य 2049 पर्यंत हुकत नाही. आपल्याला पहिल्या प्रकारचं लक्ष्य लिहायचं आहे.

पायरी 1: हद्द आखा

जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल. त्यात उत्सर्जनाचे तीन कप्पे आहेत. स्कोप 1 म्हणजे तुमच्या ताब्यात जळणारं किंवा गळणारं सगळं: जनरेटरचं डिझेल, स्वतःच्या टेम्पोचं डिझेल, बेकरीचा सिलिंडर, चिलरमधून गळालेला गॅस. स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप 3 म्हणजे बाकी सगळं, पंधरा प्रकारांत विभागलेलं.

हद्दीवरून वाद होतात ते नेहमीच्याच तीन-चार ठिकाणी. दुकान भाड्याचं आहे आणि मीटर जागामालकाच्या नावावर आहे, तरी वीज तुम्ही वापरता, म्हणून ती तुमच्या हिशेबात येते. कॉम्प्लेक्समध्ये मीटर सामाईक असेल तर सबमीटर बसवून घ्या. चौरस फुटांवर वाटणी हा नाइलाजाचा मार्ग. दारात ठेवलेला आइस्क्रीम कंपनीचा फ्रीझर कंपनीच्या मालकीचा असला तरी चालतो तुमच्या विजेवर. वीज मोजा, आणि त्यातला गॅस कोण भरतं ते करारात बघून वहीत लिहून ठेवा. होम डिलिव्हरीची पोरं स्वतःच्या दुचाकीवर जात असतील तर ते पेट्रोल स्कोप 3 मध्ये जातं. गोदाम विसरू नका, हिशेबातून हमखास निसटतं ते तेच.

वर्ष एप्रिल ते मार्च धरा. जीएसटीचे, प्राप्तिकराचे कागद त्याच वर्षाचे असतात, वेगळी उस्तवार करावी लागत नाही.

पायरी 2: बारा महिन्यांची लाइटबिलं

प्रत्येक शाखेची महावितरणची बारा बिलं काढा आणि त्यांतले वापरलेले युनिट उतरवा. रुपये नकोत, कारण दर बदलतो, इंधन समायोजन शुल्क बदलतं, पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सूट येते. रुपयांवरून वीज मोजली तर घोटाळा ठरलेला. ‘सरासरी’ म्हणून आलेलं बिल असेल तर पुढच्या महिन्याच्या खऱ्या रीडिंगशी जुळवून घ्या.

एका युनिटमागे किती कार्बन, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. (इथे ‘कार्बन’ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, किंवा दुसरा वायू असेल तर तेवढीच उष्णता धरणारा कार्बन डायऑक्साइड.) अलीकडच्या वर्षांत हा आकडा 0.71 ते 0.73 किलोच्या आसपास राहिला आहे. देशाच्या ग्रिडमध्ये कोळशाची वीज अजून मोठ्या प्रमाणात आहे म्हणून तो इतका जास्त. मराठवाड्याला कोळसा आणि पाणी यांचं नातं वेगळं सांगायला नको: परळीचं औष्णिक केंद्र 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

ज्या वर्षाचा वापर त्याच वर्षाचा आकडा लावा, आणि कुठला आकडा लावला ते शेजारी लिहा. पुढे ग्रिड स्वच्छ होत जाईल तसा हा आकडा उतरेल. ती घट तुमच्या कष्टाची नसेल. म्हणून युनिट आणि किलो असे दोन्ही रकाने ठेवा.

छतावर सोलर असेल तर बिलात ‘आयात’ आणि ‘निर्यात’ युनिट वेगळे येतात. हिशेबात आयात युनिट धरा. निर्यात केलेले त्यातून वजा करू नका. बिलात ते वजा होतात, कार्बनच्या वहीत होत नाहीत.

पायरी 3: चिलरचा गॅस, जो कुणीच लिहून ठेवत नाही

इथे जरा थांबू, कारण छोट्या मार्टच्या हिशेबात सगळ्यात मोठी गफलत याच जागी होते.

चिलर, डीप फ्रीझर, कोल्ड रूम आणि एसी यांत फिरणारा गॅस बाहेर पडला की कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट उष्णता धरून ठेवतो. व्यापारी चिलरमध्ये सर्रास मिळणारा आर-404ए सुमारे 3,900 पट. आर-410ए सुमारे 2,000 पट. आर-134ए 1,300 ते 1,400. नव्या स्प्लिट एसीतला आर-32 सुमारे 675. जुन्या एसीतला आर-22 सुमारे 1,800. आणि आर-290, म्हणजे प्रोपेन, तो एका आकडी संख्येतच राहतो.

म्हणजे आर-404ए एक किलो गळाला की जवळपास चार टन कार्बन. तेवढा कार्बन विजेतून बाहेर पडायला साडेपाच हजार युनिट जाळावे लागतील. तरीही मेकॅनिकच्या बिलावर काय असतं? ‘गॅस चार्जिंग’ आणि पुढे रक्कम. कुठला गॅस ते नाही, किती ते नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. बंद यंत्रणेत गॅस संपत नसतो. वर्षभरात जितका भरला, तितका गळाला. म्हणून उद्यापासून तीन नियम लावा. मेकॅनिकने सिलिंडर भरण्याआधी आणि भरल्यावर वजनकाट्यावर ठेवायचा. काटा तुमच्याकडे आहेच, मार्टमध्ये त्याची कमतरता नाही. बिलावर गॅसचं नाव आणि किलो लिहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि प्रत्येक यंत्राला एक कार्ड चिकटवायचं: कुठला गॅस, मूळ भरणा किती, कधी किती भरला.

मागच्या वर्षाचे आकडे नसतील तर मेकॅनिकच्या खरेदीवरून किंवा बिलाच्या रकमेला त्या वेळच्या किलोच्या भावाने भागून अंदाज काढा, आणि वहीत ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहा.

आर-22 बद्दल एक तांत्रिक खोच आहे. तो ओझोन थराला मारक म्हणून 1987 च्या माँट्रियल करारात येतो, आणि ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या नियमाप्रमाणे तिन्ही स्कोपच्या बाहेर, वेगळ्या ओळीत दाखवायचा असतो. बेरजेत मिसळायचा नाही, पण लपवायचाही नाही.

पायरी 4: डिझेल आणि सिलिंडर

हे झटपट होतं. डिझेल लिटरला 2.68 किलो, पेट्रोल 2.31 किलो, एलपीजी किलोला सुमारे 3 किलो. 19 किलोचा व्यापारी सिलिंडर म्हणजे साधारण 57 किलो. पंपाच्या पावत्या, टेम्पोची लॉगबुकं आणि गॅस एजन्सीची बिलं एवढंच लागतं. जनरेटरचं डिझेल आणि गाडीचं डिझेल वेगळं लिहा. जनरेटर लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे युनिटमागे पाऊण किलोहून जास्त कार्बन. ग्रिडच्या कोळशापेक्षाही वाईट, आणि खिशाला तर फारच.

पायरी 5: बेरीज

एक कल्पित मार्ट घेऊ. लातूरला एक, नांदेडला एक, जालन्याला एक शाखा. आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून.

वीज 2,40,000 युनिट, गुणिले 0.72: सुमारे 173 टन.
आर-404ए 20 किलो भरला: 78 टन.
टेम्पोचं डिझेल 6,000 लिटर: 16 टन.
जनरेटरचं डिझेल 4,000 लिटर: जवळपास 11 टन.
बेकरीचे 60 सिलिंडर: साडेतीन टनांच्या आत.

एकूण सुमारे 281 टन. यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग फक्त वीस किलो गॅसचा आहे, आणि तो गॅस दोन सिलिंडरमध्ये मावतो. गळती न मोजता ज्यांनी हिशेब मांडला त्यांचा आकडा 203 टनांवर थांबेल, आणि ते आनंदाने एलईडी बसवत राहतील.

पायरी 6: लक्ष्य लिहा

सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह ही जगभरच्या कंपन्यांची लक्ष्यं तपासणारी संस्था 2015 पासून काम करते. तापमानवाढ 1.5 अंशांत रोखायची तर स्कोप 1 आणि 2 मध्ये दरवर्षी आधारवर्षाच्या किमान 4.2 टक्के कपात, हा तिचा मापदंड. दहा वर्षांचे 42 टक्के. तुम्हाला तिच्याकडे नोंदणी करायची असो वा नसो, पट्टी म्हणून हा आकडा धरायला हरकत नाही.

आपल्या कल्पित मार्टचं आधारवर्ष 2024-25 धरलं, तर 2030-31 पर्यंत सहा वर्षांत 25 टक्के. 281 वरून 210 टन. सहा वर्षांत 71 टन कमी करायचे. लक्ष्य असं लिहा:

‘आधारवर्ष 2024-25. स्कोप 1 आणि 2 मिळून 281 टन. 2027-28 पर्यंत 245 टन, 2030-31 पर्यंत 210 टन. दरवर्षी जूनमध्ये आकडा जाहीर करू.’

चार ओळी. यात ‘प्रयत्नशील राहू’ असला एकही शब्द नाही, हे मुद्दाम.

लगेच प्रश्न येतो: चौथी शाखा परभणीला काढली तर? नियम असा की स्वतः नवी शाखा उभारली तर आधारवर्ष बदलायचं नाही. वाढ तुमची, तिचं उत्सर्जनही तुमचं. पण आधीपासून चालू असलेलं दुसऱ्याचं दुकान विकत घेतलं, तर त्या दुकानाचं आधारवर्षातलं उत्सर्जन जुन्या आकड्यात मिळवून आधारवर्ष नव्याने मांडायचं. उत्सर्जन नवीन झालं नाही, फक्त मालक बदलला.

वाढत्या धंद्यात एकूण टनांसोबत दर चौरस फुटामागचा आकडाही ठेवा. दर लाख रुपये विक्रीमागचा ठेवू नका. तेल आणि डाळ महागली की विक्रीचे रुपये फुगतात, आणि काहीही न करता तुमचा कार्बन ‘कमी’ झालेला दिसतो.

‘देशाचंच नेट झिरो 2070 ला आहे, मी घाई का करू?’ असंही मालक विचारतात. 2021 साली ग्लासगोत जाहीर झालेलं ते लक्ष्य पोलाद, सिमेंट, वीज सगळं धरून आहे. तुमच्या हातातली गोष्ट चिलर आहे, आणि आज घेतलेलं चिलर दहा-पंधरा वर्षं चालतं. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात एचएफसी गॅसांचा, म्हणजे आर-404ए, आर-410ए, आर-134ए, आर-32 यांचा वापर 2028 ला गोठवायचा आहे आणि 2032 पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. आज आर-404ए चं यंत्र घेतलं तर त्याच्या म्हातारपणी गॅस मिळवताना त्रास होणार आहे तो तुम्हालाच. आर-22 चं तर 2030 पर्यंत आवरायचंच आहे.

पायरी 7: कपात, आणि तिचा क्रम

पहिली कपात गळतीची, कारण तिला जवळपास खर्च नाही. वर्षातून दोनदा, एकदा फेब्रुवारीत उन्हाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी किंवा गळतीशोधक यंत्र फिरवा. गॅस भरण्याआधी गळती शोधून बुजवायची, हा करार मेकॅनिकशी लेखी करा. भरण्याचे पैसे मिळतात तोवर गळती शोधण्यात त्याला रस कशाला असेल? म्हणून वार्षिक देखभालीची रक्कम ठरवा आणि भरलेल्या गॅसचा खर्च त्यातच धरा. गळती निम्म्यावर आली तर आपल्या मार्टचे 39 टन तिथेच वाचतात.

दुसरी, उष्णतेशी भांडण थांबवणं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो आणि आपण कंडेन्सर ठेवतो तापलेल्या पत्र्यावर, पश्चिमेच्या उन्हात. बाहेरच्या युनिटवर सावली करा, पण हवा अडणार नाही अशी; शेडनेट चालते, पत्र्याची पेटी करू नका. कॉइलवरची धूळ उन्हाळ्यात दर पंधरवड्याला ब्लोअरने काढा. छताला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. उघड्या चिलरला रात्री पडदा ओढा, शक्य असेल तिथे काचेची दारं बसवा. फ्रीझरच्या दाराचं रबर तपासायला दहा रुपयांची नोट पुरते: दारात अडकवून ओढा, सहज निघून आली तर रबर गेलं. चिलरमध्ये माल भरण्याची रेघ असते, तिच्या वर दह्याचे डबे रचले की थंड हवेचा पडदा तुटतो. सणाच्या आठवड्यात हे हमखास होतं. आणि दारातला तो आइस्क्रीमचा फ्रीझर आत घ्या, गिऱ्हाईक तरीही आइस्क्रीम मागणारच आहे.

एसी 24 वर. जानेवारी 2020 पासून नवे एसी मुळातच 24 वर ठरवून येतात. 18 वर आपणच नेतो.

तिसरी, सोलर. मराठवाड्याच्या उन्हाचा एवढाच काय तो फायदा. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट छत लागतं आणि वर्षाला 1,400 युनिटच्या आसपास वीज मिळते. तिन्ही शाखांवर मिळून 30 किलोवॅट बसवले तर 42,000 युनिट, म्हणजे 30 टन. मार्टचा वापर दिवसा आणि उन्हाळ्यात जास्त, सोलरची वीजही तेव्हाच जास्त. हे गणित घरापेक्षा दुकानाला चांगलं जमतं. धूळ आणि खारं बोअरचं पाणी या दोन्ही गोष्टी पॅनेलच्या वैरी आहेत, धुवायला मऊ पाणी वापरा आणि तेही जपून. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांना आहे, दुकानाला नाही. कुणी विक्रेता तसं सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. सोलरवर प्राप्तिकरात 40 टक्के दराने घसारा मिळतो, ते मात्र सीएशी बोलून घ्या. छत आपलं नसेल, तर महावितरणकडून जादा दर भरून हरित वीज घेण्याचा पर्याय आहे. 100 किलोवॅट किंवा त्याहून मोठा मंजूर भार असलेल्यांना 2022 च्या नियमांनुसार ओपन ॲक्सेसने बाहेरूनही हरित वीज आणता येते.

गळतीचे 39 आणि सोलरचे 30, झाले 69. उरलेले दोन टन रात्रीच्या पडद्यांतूनच निघतात. लक्ष्य गाठायला एकही नवं चिलर लागलं नाही.

नवं यंत्र जुनं मरेल तेव्हाच घ्या. घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न गॅसचा विचारा. छोट्या प्लग-इन फ्रीझरमध्ये आर-290 सहज मिळतो. हा गॅस ज्वलनशील आहे. त्याच्यासाठी बनवलेल्या यंत्रातच चालतो. जुन्या आर-404ए च्या यंत्रात प्रोपेन भरून देतो म्हणणारा मेकॅनिक असेल तर त्याला दुकानाच्या आसपास फिरकू देऊ नका.

पायरी 8: शेल्फवरचा माल

आता दुसरं खातं. इथे पूर्णत्वाचा हट्ट धरला तर वर्ष जाईल आणि काहीच हाती लागणार नाही. बिलिंग सॉफ्टवेअरमधून वर्षभरात विकलेल्या मालाची यादी काढा, वजनाप्रमाणे लावा आणि वरच्या वीस वस्तू घ्या. तांदूळ, गहू-आटा, साखर, तेल, दूध, डाळी यातच बहुतेक वजन असतं.

गुणक कुठून आणायचे? ‘सायन्स’ नियतकालिकात 2018 साली 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या जागतिक सरासऱ्या अशा: तांदूळ किलोला चार ते साडेचार किलो कार्बन, दूध लिटरला तीनच्या पुढे, कडधान्यं दोनच्या आत, सोयाबीन आणि पाम तेल सहा-सातच्या घरात. आपल्याकडचे आकडे वेगळे असणार, पण कुठे बघायचं हे यावरून नक्की कळतं.

मार्टने वर्षाला 100 टन तांदूळ विकला तर तो एकटाच 400 टनांच्या पुढे जातो. तिन्ही दुकानांची वीज, गॅस, डिझेल मिळून 281 होतं.

या आकड्याने घाबरून काही होत नाही. तांदूळ मराठवाड्यात फारसा पिकत नाही, तो विदर्भातून, तेलंगणातून येतो. पाण्याने भरलेल्या खाचरातून निघणाऱ्या मिथेनवर तीन शाखांच्या मालकाचं काय चालणार? म्हणून मोठेपणासोबत आपला हात कुठवर पोचतो हेही बघा. हात पोचतो तो लातूर-उदगीरच्या डाळ मिलपर्यंत. हळदीसाठी वसमतपर्यंत. मोसंबीसाठी जालन्यापर्यंत. मिलवाल्याला एवढंच विचारा: क्विंटलमागे किती युनिट लागतात, सोलर आहे का, वाहतूक भरलेल्या गाडीने होते की अर्ध्या? वर्षातून एकदा, एका पानावर. पहिल्या वर्षी निम्मे उत्तर देणार नाहीत. जे देतील त्यांच्यापासून सुरुवात.

डाळीचं एक वेगळं महत्त्व आहे. तूर, मूग, हरभरा ही पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळे हवेतलं नत्र स्वतः घेतात, त्यामुळे युरिया कमी लागतो, आणि युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या 270 पटींहून जास्त उष्णता धरतो. ज्वारी कोरडवाहू आहे, खतही कमी खाते. ज्वारीचं पीठ आणि स्थानिक डाळी दर्शनी शेल्फवर आणायला कुठल्याही सल्लागाराची गरज नाही.

‘स्थानिक माल म्हणजे कमी कार्बन’ हे मात्र सरसकट खरं नाही. बहुतेक अन्नात वाहतुकीचा वाटा शेतीच्या मानाने लहान असतो. जवळच्या शीतगृहात महिनोन्महिने ठेवलेला माल दूरच्या ताज्या मालापेक्षा वरचढ ठरेलच असं नाही. मोसंबी मोसमात जालन्याची घ्या. मोसम संपला की जबरदस्ती नको.

तेलाबद्दल एक खंत सांगून टाकतो. आजूबाजूला मैलोन्मैल सोयाबीन, आणि शेल्फवर सर्वांत खालच्या किमतीला पामतेलाची पाकिटं, जे इंडोनेशिया-मलेशियातून येतं. तिथे पामच्या लागवडीसाठी जंगलं तुटली हा जुना प्रश्न आहे. गिऱ्हाईक किंमत बघतं, त्यात त्याचं चूक नाही. पण पामतेल कुठून येतं आणि ते जंगलतोडमुक्त असल्याचं प्रमाणपत्र आहे का, हे घाऊक विक्रेत्याला विचारणं मार्टच्या हातात आहे.

वाया गेलेला माल

उन्हाळ्यात मेथी-कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते. वाया गेलेली भाजी दोनदा मोजली जाते: पिकवताना एकदा, आणि डेपोत कुजून मिथेन सोडताना पुन्हा. कचऱ्याचा डोंगर म्हणजे काय हे छत्रपती संभाजीनगरने 2018 साली नारेगाव कचरा डेपोच्या वादाच्या वेळी बघितलं आहे. रोज फेकलेलं किलोत लिहा, वस्तूनिहाय. दोन महिन्यांतच कळतं की खरेदी कुठे जास्त होते. सातनंतर भाव उतरवा. खाण्याजोगा उरलेला माल वाटायचा असेल तर एफएसएसएआयचे 2019 चे अतिरिक्त अन्न वाटपाचे नियम आहेत, ते वाचून एखाद्या संस्थेशी ठरवा. बाकीचं कंपोस्ट किंवा गोशाळा.

कॅरीबॅगबद्दल इतका वेळ काही लिहिलं नाही, कारण कार्बनच्या हिशेबात ती तळाला असते. राज्यातल्या प्लास्टिकबंदीचे नियम पाळा आणि पुढे चला.

बोर्डावर काय लिहायचं

‘कार्बन न्यूट्रल मार्ट’, ‘ग्रीन स्टोअर’ असलं काही लिहू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पुरावा नसलेला मोघम दावा अंगाशी येऊ शकतो. पायरी सहामधल्या चार ओळी आणि यंदाचा आकडा, एवढं कॅश काउंटरजवळ लावा. काय मोजलं नाही हेही एका ओळीत: ‘शेल्फवरील मालाचे उत्सर्जन यात धरलेले नाही, वीस वस्तूंची मोजणी सुरू आहे.’

झाडं लावा, जरूर लावा, पण ती 281 मधून वजा करू नका. जुलैत लावलेल्या रोपाला पुढच्या मेमध्ये पाणी कोण घालणार, हे ठरल्याशिवाय फोटोही काढू नका.

तुमचा माल एखाद्या शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीशी जोडलेला असेल, तर हे आकडे पुढे मागितलेही जातील. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून सेबीचा शाश्वतता अहवाल, म्हणजे बीआरएसआर, सक्तीचा आहे, आणि त्यांतल्या मोठ्या कंपन्यांना आता आपल्या साखळीबद्दलही विचारणा होऊ लागली आहे.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल

बिलं पुन्हा काढा, कार्डांवरचे किलो जुळवा, त्याच पद्धतीने बेरीज करा. आकडा वाढला तर आधी तपासा की वापर वाढला की नोंद सुधारली. पहिल्या वर्षी गॅसची नोंद अर्धवट असते, म्हणून दुसऱ्या वर्षी गळती ‘वाढलेली’ दिसणं अगदी नेहमीचं आहे. तसं असेल तर आधारवर्षाचा अंदाज दुरुस्त करा, दुरुस्तीचं कारण आणि तारीख वहीत लिहा, आणि जुना आकडा खोडू नका. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहा.

हे काम एका माणसाच्या नावावर असू द्या. मालकाच्या नको. जो रोज मीटरजवळून जातो आणि मेकॅनिकच्या बिलावर सही करतो, त्याच्या.